गाभा क्षेत्र कोणासाठी राखीव?

वन्यजीवांच्या संरक्षणाचा विषय निघाला की सुशिक्षित मध्यमवर्गापुढे एक ठराविक चित्र उभे केले जाते. एका बाजूला वाघ आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या जंगलात घुसखोरी करणारा माणूस. या दोहोंपैकी एकाचीच निवड करणे भाग आहे, असा त्याचा निष्कर्ष असतो. हे चित्र दिशाभूल करणारे आहे, कारण माणूस म्हणून जो कोणी आहे तो सर्वत्र सारखाच, असे त्यात गृहीत धरलेले असते. व्याघ्र प्रकल्पाच्या फाटकाशी प्रत्यक्षात दोन प्रकारची माणसे येतात. एकाला मध, कंदमुळे, सरपण हवे असते आणि त्याच्या वाडवडिलांची थडगी त्याच जंगलात असतात. दुसरा सुटीच्या दिवशी करमणुकीसाठी आलेला असतो. पहिल्याला कायद्याचे कलम दाखवले जाते. दुसऱ्याला तिकीट दिले जाते. दोघेही सार्वजनिक जमिनीवरच पाऊल टाकत असताना हा भेद कोणत्या न्यायाने केला जातो, हा खरा प्रश्न आहे.

वाघाला निर्वेध आश्रयस्थान हवे, याविषयी वाद असण्याचे कारण नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला आणि १ एप्रिल १९७३ रोजी मेळघाट, कान्हा, कॉर्बेट, बंडीपूर, सुंदरबन आदी नऊ क्षेत्रांत व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. या उपाययोजनेमागे शास्त्रीय आधार होता. वाघिणीला पिले वाढवण्यासाठी शांतता लागते, भरपूर भक्ष्य लागते आणि भक्ष्याला गवत व पाणी लागते. २००६ साली देशातील वाघांची संख्या सुमारे १,४११ असल्याचा अंदाज होता. २०२२ च्या गणनेत ती सरासरी ३,६८२ असल्याचे अनुमान निघाले. या यशात वनरक्षकांचा, रोजंदारीवरील वनमजुरांचा आणि जंगलालगतच्या खेड्यांचा वाटा फार मोठा आहे. तेव्हा संरक्षणाच्या तत्त्वाला विरोध करणे आदिवासींच्या हिताचेही नाही. मुद्दा आहे तो त्या तत्त्वाच्या अंमलबजावणीचा.

कायद्याचे शब्द आणि शासनाचा व्यवहार

२००४-०५ मध्ये राजस्थानातील सारिस्का येथे एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. शिकारी टोळ्यांनी व्याघ्र प्रकल्प रिकामा केला होता आणि नोकरशाहीच्या कागदोपत्री मात्र वाघ फिरत होते. या धक्क्यानंतर २००६ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण स्थापन झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस, डाव्या पक्षांनी आणि आदिवासींच्या संघटनांनी संसदेत व संसदेबाहेर लावून धरलेल्या मागणीमुळे, वनहक्क कायदाही संमत झाला. हे दोन्ही कायदे एकत्र वाचले पाहिजेत, आणि नेमके तेच टाळले जाते.

२००६ च्या दुरुस्तीने गाभा क्षेत्र मानवी वावरापासून अबाधित ठेवण्याची तरतूद केली. पण त्याच वाक्यात अनुसूचित जमाती व अन्य वननिवासी यांच्या हक्कांना बाध न आणता, अशी स्पष्ट अट घातली. वननिवासींना हलवण्यापूर्वी त्यांच्या हक्कांची निश्चिती पूर्ण झाली पाहिजे; त्यांच्या वास्तव्याने वन्यजीवांचे भरून न येणारे नुकसान होते, हे परिस्थितीशी परिचित असलेल्या शास्त्रज्ञांच्या साहाय्याने सिद्ध झाले पाहिजे; सहजीवनाचा दुसरा मार्ग उरलेला नसला पाहिजे; आणि ग्रामसभेची व बाधितांची समजून-उमजून दिलेली संमती मिळाली पाहिजे. वनहक्क कायदा आणखी एक पाऊल पुढे जातो. ज्या वन्यजीव अधिवासातून हक्कधारकांना हलवले असेल, ती जमीन नंतर राज्य सरकारला, केंद्र सरकारला किंवा अन्य कोणालाही दुसऱ्या कामासाठी वळवता येणार नाही, असे तो बजावतो. शेतकऱ्याला उठवून त्या जागी हॉटेलवाल्याला बसवण्याची शक्यता कायदा करणाऱ्यांनी ओळखली होती, हे यावरून दिसते.

व्यवहार कसा आहे? वनहक्कांचे दावे अनेक व्याघ्र प्रकल्पांत वर्षानुवर्षे पडून आहेत. २०१७ च्या मार्चमध्ये तर प्राधिकरणाने गाभा क्षेत्रांत हे हक्क देऊच नयेत, असे पत्र काढले. ते वर्षभराने मागे घ्यावे लागले. जून २०२४ मध्ये त्याच प्राधिकरणाने राज्यांना लिहिले की गाभा क्षेत्रांत अद्याप ५९१ गावे आणि ६४,८०१ कुटुंबे आहेत व त्यांचे स्थलांतर प्राधान्याने हाती घ्यावे. चौसष्ट हजार कुटुंबांविषयी एवढी निकड दाखवणाऱ्या यंत्रणेचे पर्यटनाविषयीचे धोरण काय आहे, ते यासोबत तपासले पाहिजे.

२४ जुलै २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन गाभा क्षेत्रांतील पर्यटन थांबवले. गाभा क्षेत्र अबाधित असेल तर ते पर्यटकापासूनही अबाधित असले पाहिजे, हा तर्क सरळ होता. परंतु हॉटेलमालक, पर्यटन व्यावसायिक आणि राज्य सरकारे यांनी एकच ओरड केली. तीन महिने पुरे होण्याआधीच, १६ ऑक्टोबर रोजी, ती बंदी उठली. नव्या मार्गदर्शक सूत्रांनुसार गाभा क्षेत्राच्या जास्तीत जास्त २० टक्के भागात पर्यटनाला वाव मिळाला. जे क्षेत्र आदिवासीसाठी शंभर टक्के अबाधित, तेच पर्यटकासाठी ऐंशी टक्के अबाधित ठरले! हा वीस टक्क्यांचा फरक कोणत्याही जीवशास्त्राने सांगितलेला नाही. तो दबाव आणू शकणाऱ्यांच्या सामर्थ्याचा फरक आहे.

नागरहोळे आणि कॉर्बेट

कर्नाटकातील नागरहोळे राष्ट्रीय उद्यानातून जेनू कुरुबा आणि इतर आदिवासींना बाहेर काढण्याचे काम दशकानुदशके चालले. अनेकजण कोडगूच्या कॉफीमळ्यांवर अल्प मजुरीत राबू लागले. जंगलाचा जाणकार मळेवाल्याचा वेठबिगार बनला. नव्वदीच्या दशकात त्याच उद्यानातील जागा राज्य सरकारने एका बड्या हॉटेल कंपनीला भाडेपट्ट्याने दिली. आदिवासींनी त्याविरुद्ध जोरदार आंदोलन उभारले आणि १९९७ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने तो भाडेपट्टा बेकायदा ठरवला. जेनू कुरुबांचे जंगलावरील दावे मात्र तसेच लोंबकळत राहिले. मे २०२५ मध्ये त्यांच्यापैकी काही कुटुंबे आपल्या जुन्या पाड्याच्या जागी परत येऊन झोपड्या बांधू लागली, तेव्हा त्यांना वनखात्याने आणि पोलिसांनी अडवले. हॉटेलच्या पायाला सरकारने जागा देऊ केली होती; झोपडीच्या मेढीला ती मिळत नाही.

उत्तराखंडातील कॉर्बेट हे देशातील पहिले राष्ट्रीय उद्यान, १९३६ साली स्थापन झालेले. त्याच्या कालागढ विभागात पाखरो येथे सुमारे १०६ हेक्टरांवर व्याघ्रसफारी उभारण्याचा घाट घातला गेला. येथे सफारी म्हणजे मोकळ्या जंगलातील फेरी नव्हे. कुंपणात वाघ ठेवून ते हमखास दाखवण्याची ती योजना होती. १६३ झाडे तोडण्याची अनुमती असताना प्रत्यक्षात सहा हजारांहून अधिक झाडे तोडली गेल्याचा अंदाज भारतीय वन सर्वेक्षणाने दिला. ६ मार्च २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्याचे तत्कालीन वनमंत्री आणि संबंधित वनाधिकारी यांच्यावर कडक ताशेरे ओढले. १७ नोव्हेंबर २०२५ च्या निकालाने गाभा क्षेत्रात अशी सफारी उभारण्यास मनाई केली. ज्या राज्यात वनगुज्जरांच्या म्हशींमुळे जंगलाची हानी होते म्हणून त्यांचे डेरे उठवले गेले, त्याच राज्यात हे घडले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

याला एखाद्या भ्रष्ट अधिकाऱ्याचा अपवाद म्हणून सोडून देता येणार नाही. २०२३ साली वन संवर्धन कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने प्राणिसंग्रहालये, सफारी आणि तथाकथित निसर्ग पर्यटनाच्या सुविधा या 'वनेतर कामा'च्या व्याख्येतूनच वगळल्या. न्यायालयाला फेब्रुवारी २०२४ मध्ये अंतरिम आदेशाने त्यांपैकी प्राणिसंग्रहालये व सफारींसाठी पूर्वपरवानगीची अट घालावी लागली. पाखरोला जे नियम मोडून झाले, ते नियम बदलून करण्याची ही तजवीज होती.

करमणूक ही चैन नव्हे

पर्यटनाच्या बाजूने दोन युक्तिवाद केले जातात आणि त्यांना उत्तर दिले पाहिजे. पहिला असा की पर्यटनाने स्थानिकांना रोजगार मिळतो. तो मिळतो, हे खरे आहे. वाटाडे, जिप्सीचालक, रिसॉर्टमधील आचारी व सफाई कामगार हे बहुधा आसपासच्या गावांतलेच असतात. पण त्यांची कामे हंगामी असतात, पावसाळ्यात फाटक बंद झाले की कमाई थांबते आणि नफ्याचा मोठा हिस्सा शहरातल्या मालकाकडे जातो. दुसरा युक्तिवाद असा की पर्यटकांच्या वर्दळीने शिकाऱ्यांवर नजर राहते. तसे असेल, तर जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याची नजर अधिक तीक्ष्ण असते, हे मान्य करायला हरकत कोणती?

मात्र यावरून सर्व पर्यटन बंद करा, अशी मागणी करणे ही श्रमिकांची भूमिका होऊ शकत नाही. आठ तासांच्या कामाची लढाई विश्रांतीसाठी आणि मोकळ्या वेळेसाठीही होती. इंग्लंडमध्ये २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर व शेफील्डच्या शेकडो तरुण कामगारांनी किंडर स्काउट या डोंगरपठारावर मालकांची मनाई झुगारून सामुदायिक चढाई केली. बेनी रॉथमन हा तरुण कम्युनिस्ट तिचा पुढारी होता. सरदार-जमीनदारांनी ते डोंगर पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखले होते आणि पायी फिरणाऱ्यांमुळे पक्षी बिथरतात, असे कारण पुढे केले जात असे. पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९५१ साली तोच प्रदेश ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान बनला. पक्ष्यांच्या नावाने शिकारीचे रान राखण्याची ही युक्ती आपल्याकडेही अपरिचित नाही. रणथंबोर, सारिस्का आणि बंडीपूर ही संस्थानिकांचीच शिकारीची राने होती. राजे गेले, पण आजही सफारीचा जो खर्च येतो तो शेतमजुराच्या वा कापड गिरणीतील कामगाराच्या कुटुंबाला झेपणारा नसतो. म्हणजे सार्वजनिक जमीन तेथील रहिवाशालाही बंद आणि सामान्य प्रवाशालाही बंद.

यातून मार्ग आहे, आणि तो केवळ कल्पनेतला नाही. कर्नाटकातच बिळिगिरीरंगन डोंगरांच्या व्याघ्र प्रकल्पात २०११ साली सोलिगांचे सामूहिक वनहक्क मान्य झाले. तेथे माणसेही आहेत आणि वाघही आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तिने बांबूच्या विक्रीवर गावाचा संसार उभा केला. आणि तेंदूपाने तोडताना फांद्या छाटल्या जातात, वणवे लावले जातात, म्हणून तो पैसा देणारा धंदा स्वतःच बंद केला. जंगलाचा एक भाग गावकऱ्यांनी आपणहून राखून ठेवला. नियम पाळण्याची शिस्त कोठून येते, याचे हे उत्तर आहे: जो नियम करण्यात भाग घेतो, तो नियम राखतो.

म्हणून मागण्या स्पष्ट आणि ठोस असल्या पाहिजेत. वनहक्कांची निश्चिती पूर्ण होईपर्यंत आणि ग्रामसभेची खरीखुरी संमती मिळेपर्यंत एकाही गावाचे स्थलांतर होता कामा नये. जेथून गाव हलले असेल, तेथे पर्यटनाची गाडीही जाता कामा नये. शास्त्रीय निकष असेल तर तो सर्वांना एकाच मापाने लागू व्हावा. पर्यटन लगतच्या बफर क्षेत्रात, ग्रामसभांच्या नियंत्रणाखाली चालावे. खाजगी जिप्सींच्या जागी स्वस्त सार्वजनिक वाहने असावीत आणि कामगारांच्या व शाळकरी मुलांच्या सहलींना त्यांत अग्रक्रम मिळावा. वनमजूर व वाटाडे यांना कायम नोकरी आणि वर्षभराचे वेतन मिळावे, कारण वाघाचे रक्षण शेवटी त्यांच्याच पायपिटीवर अवलंबून आहे.

मेळघाटपासून सिमिलीपालपर्यंत जेथे जेथे साथी काम करीत आहेत, तेथे त्यांनी दोन कागद मागून पाहावेत: स्थलांतराला संमती देणारा ग्रामसभेचा ठराव आणि गाभा क्षेत्रातील पर्यटनमार्गांचा नकाशा. पहिला कागद सहसा सापडत नाही. दुसरा भिंतीवर लावलेला असतो. हे दोन्ही कागद गावाच्या चावडीवर शेजारी-शेजारी मांडले गेले, तर गाभा क्षेत्र कोणासाठी राखून ठेवले आहे हे कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही.