अडलेला स्क्रू आणि कार्यानुभवाचा तास

परभणी, सेलू, मानवत येथील कित्येक नोकरदारांच्या दारी आज, जुनी का होईना, मोटार उभी असते. तिची किरकोळ दुरुस्ती रविवारी घरीच करावी, हा विचार स्तुत्यच होय. परंतु पावसाळ्यानंतर ब्रेकच्या ड्रमवरील स्क्रू काढावयास बसलेला गृहस्थ तासाभराने हताश होतो. फुलीची खाच घासून गुळगुळीत वाटी होते; स्क्रू मात्र तसूभरही हललेला नसतो. मग दोष मालाला दिला जातो. वस्तुतः तो बहुधा डिसमिसचा, आणि त्याहून अधिक हाताचा असतो.

हेन्री फिलिप्स या अमेरिकनाने १९३६ साली पेटंट घेतलेल्या या खाचेत कारखान्यातील यंत्राचे टोक आपोआप मधोमध बसते. मात्र तिच्या उतरत्या कडांमुळे जोर वाढताच टोक वर सरकते. १९८३ साली मारुती आली आणि जपानी बनावट आपल्या दारापर्यंत पोचली. जपानी मानकाची खाच दिसावयास तशीच, पण घडणीने किंचित निराळी. तीत फिलिप्सचे टोक तळापर्यंत टेकत नाही. अशा स्क्रूच्या डोक्यावर पुष्कळदा एक ठिपका असतो. तो पाहण्याची तसदी कोण घेतो? घरात एकच डिसमिस असतो, आणि त्यानेच डब्याचे झाकणही उचकटले जाते!

गंजाचे आकारमान मूळ लोखंडाहून अधिक. म्हणून तो आट्यांत पाचरीसारखा बसतो. येथे बळापेक्षा वेळ कामी येतो. खाचेतील चिखल टोकरून काढावा, तेलाचे दोन थेंब सोडून रात्रभर थांबावे. ते तेल ब्रेकच्या लायनरला मात्र लागू देऊ नये. नेमक्या मापाचा डिसमिस बसवून मुठीवर हातोडीचे दोन ठोके द्यावेत. नंतर तीन हिस्से जोर दाबण्यास व एक हिस्सा फिरविण्यास लावावा. टोक एकदा जरी निसटले तरी थांबावे. ठोक्यासरशी फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर जिंतूर रस्त्यावरच्या एखाद्या मिस्त्रीकडून तासाभरासाठी मागून आणण्यात कमीपणा कसला?

हे सारे शाळेत शिकविता आले असते. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाची शिफारस केली. विषय वेळापत्रकात आला आणि पुष्कळ ठिकाणी कागदी फुलांत संपला. यंत्रशास्त्राची व्याख्या तोंडपाठ असलेल्या विद्यार्थ्याच्या हाती त्या तासाला एक गंजका स्क्रू व तीन मापांचे डिसमिस द्यावेत, आणि गुण स्क्रू निघाल्याचे नव्हे, तर खाच शाबूत राहिल्याचे द्यावेत. याला भंगारातील एखादे यंत्र पुरे. स्वतंत्र अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही.