आधी आई दाखवा!

नातवाला हस्की हवाय. पट्टा आला, वाडगं आलं, नावही ठरलं. मी एवढंच विचारलं, "त्याची आई पाहिली का रे?" सगळे गप्प! अहो, फोटो पाहून साडी घ्यावी, जीव नाही.

पिल्लू म्हणे पाच आठवड्यांचं. केंद्राच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही; विकणाऱ्याकडे राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणीही लागते. खेळताना किती जोरात चावायचं, हे पिल्लू आई-भावंडांतच शिकतं. ती शाळा आपण बुडवायची?

आणि सैबेरियाच्या बर्फातला, दुहेरी केसांचा तो जीव यवतमाळच्या मे महिन्यात, ४५ अंशांत ठेवायचा? कूलरपुढे बांधून? हौस आपली, धाप त्याची!

गल्लीतलं गावठी पिल्लू आणा. त्याची आई रोज दारात दिसते.