बर्फावर जाण्यापूर्वीं

इटलींतील आल्प्स पर्वतांत कोर्तिना द'अम्पेझो हें सुमारें १,२०० मीटर उंचीवर वसलेलें गांव आहे. तेथें १९५६ सालीं हिंवाळी ऑलिंपिक सामने झाले. पायांस लांब फळ्या बांधून बर्फावरून घसरण्याच्या खेळासाठीं, म्हणजे स्कीइंगसाठीं, तेथें सुटींत जाण्याचा बेत करणारे लोक आधीं हॉटेल व पोशाख ठरवितात आणि शिक्षकाचा विचार शेवटीं करितात. आमच्या मतें हा क्रम उलट असावा.

तेथील उतारांस रंग नेमून दिलेले असतात: निळा सोपा, तांबडा मध्यम व काळा कठीण. नवशिक्यानें काळ्या उतारावर जाणें हें धैर्य नव्हे, अविचार होय. कारण तोल गेला असतां तो परक्यासही जायबंदी करितो. म्हणूनच इटलीच्या कायद्यानें २०२२ पासून परक्याच्या नुकसानीचा विमा सक्तीचा केला, आणि पूर्वीं मुलांपुरती असलेली शिरस्त्राणाची सक्ती नोव्हेंबर २०२५ पासून सर्वांस लागू केली.

पालकांनीं काटकसर करणें झाल्यास ती हॉटेलांत करावी. शिक्षकाच्या वेतनांत करूं नये. फळ्यांचीं टोकें जवळ आणून व टांचा बाहेर ढकलून थांबावें कसें, हें तो प्रथम शिकवितो. विद्यार्थ्यांनो, ज्यास थांबतां येतें त्यानेंच वेगाची हौस करावी.