वहीतील एक ओळ

पावसाळ्यातील एखाद्या रात्री मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जाऊन पाहावे. तेथे केवळ अपघात झालेलेच येतात असे नाही. कोणी तापाने फणफणलेल्या मुलाला कडेवर घेऊन येतो, तर कोणाला उलट्यांमुळे ग्लानी आलेली असते. अशा धांदलीतही दाराजवळचा कारकून नाव, वय, पत्ता आणि तक्रार यांची नोंद वहीत किंवा संगणकावर करीत असतो. "माणूस तळमळत असताना ही लिखापढी कशाला?" असे आपल्या मनात येते. परंतु हा राग योग्य नव्हे.

डॉक्टर एका रोग्याचा ताप पाहतात. नोंदवही साऱ्या गावाचा ताप पाहते. पावसाळ्यात तापाचे रोगी यावयाचेच. पण दरवर्षी त्या आठवड्यात येतात त्यांच्या दुप्पट रोगी आले, आणि तेही एकाच वस्तीतून, तर रक्ततपासणीचा निर्णय येण्यापूर्वीच साथीचा संशय घेता येतो. मग तेथील पाणी तपासावे, डासांची पैदास शोधावी.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या पुरानंतर शहरात लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदरांच्या मूत्रातील जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि पायावरील जखमेतून शरीरात शिरतात. ताप मात्र बहुधा आठ-पंधरा दिवसांनी येतो, तोवर पुराचे पाणी विसरले गेलेले असते. पूर आणि ताप यांचा हा संबंध एका रोग्यावरून उमगणे कठीण. अनेक नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे तो दिसू लागतो. अशा नोंदी देशभर गोळा करण्यासाठी भारतात २००४ साली एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला.

आकडे प्रसिद्ध केल्यास घबराट पसरेल, असे काहींना वाटते. मला ते पटत नाही. घबराट अफवांनी पसरते. खऱ्या आकड्यांनी माणूस सावध होतो. रोग्यांची नावे गुप्त ठेवावीत, संख्या मात्र लपवू नये.

तथापि एक गोष्ट विसरता कामा नये. दूरच्या पाड्यावरील जो रोगी रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाही, त्याची नोंद कोठेच होत नाही. म्हणून कोरे पान ही आरोग्याची खूण समजू नये. तेथे कोणीतरी जाऊन विचारपूस केली पाहिजे.

मुलांनो, कधी रुग्णालयात जाण्याचा प्रसंग आला, तर आपला पत्ता आणि तक्रार नीट, खरी सांगा. त्या एका ओळीने कदाचित तुमच्या शेजाऱ्याचे आजारपण टळेल.