गप्प बसणे आणि शांत बसणे

आमच्या घरात दोन भाषा नांदतात. वडिलांची मराठी, आईची कानडी. लहानपणी मी दंगा केला की आई ओरडे, "सुम्न कूडू!" म्हणजे गप्प बस. संध्याकाळी दिवा लावून ती डोळे मिटून बसे आणि आम्हां भावंडांना शेजारी बसवी, तेव्हाही शब्द हेच. फक्त आवाज हळू असे. एकाच शब्दांचे हे दोन अर्थ मला कळायला विसावे वर्ष उजाडावे लागले.

गेल्या वर्षी मी कॉस्ट अकाउंटिंगमध्ये नापास झालो. भेटेल तो सांगू लागला, "झाले ते स्वीकार. मन शांत ठेव. योगासने कर." २०१५ पासून दर २१ जूनला योगदिनी आपण मैदानावर साधारण हेच ऐकतो. मला मात्र या उपदेशाचा राग येई. नापास झालेल्याने, नोकरी न मिळालेल्याने, अन्याय झालेल्याने डोळे मिटून घ्यावेत म्हणजे इतरांना बरे, असाच याचा अर्थ ना? हा तर आईचा पहिला 'सुम्न कूडू'!

दिवाळीच्या सुट्टीत मी बडोद्याला मावशीकडे गेलो. काकांनी मला दांडिया बाजारातील अरविंद निवासात नेले. योगी अरविंद बडोद्यात नोकरीस असताना या बंगल्यात राहत. १८९३ ते १९०६ अशी तेरा वर्षे त्यांनी सयाजीराव महाराजांच्या संस्थानात काढली. पुढे ते बडोदा कॉलेजात प्राध्यापकही होते. पण काकांनी मला सांगितली ती गोष्ट त्यानंतरची.

डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेस काँग्रेस फुटली. जहाल आणि मवाळ वेगळे झाले. त्या धामधुमीतून अरविंद बडोद्यास आले आणि विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याबरोबर सरदार मजुमदारांच्या वाड्यात वरच्या मजल्यावरील खोलीत ध्यानास बसले. लेल्यांची सूचना साधी होती. विचार बाहेरून येतात; येताना त्यांना पाहा आणि आत शिरण्यापूर्वीच परतवा. तीन दिवसांत अरविंदांचे मन निःशब्द झाले.

आता खरा प्रश्न पुढे आहे. मन शांत झालेला हा माणूस मग काय करतो? तो मुंबईस जातो आणि १९ जानेवारी १९०८ रोजी राष्ट्रीय चळवळीवर भाषण देतो. मे महिन्यात त्याला अटक होते. शांत बसलेला माणूस गप्प बसला नाही! फूट पडली हे त्याने मान्य केले असेल. पारतंत्र्य मान्य केले नाही.

दुसरे उदाहरण बडोद्याजवळच्या डभोईचे. १८८३ साली तेथे जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे म्हणजेच पुढचे स्वामी कुवलयानंद. बडोद्यात प्रो. माणिकरावांच्या आखाड्यात ते तयार झाले, नर्मदाकाठी मालसर येथे माधवदासजींकडे योग शिकले. पण गुरूने सांगितले एवढ्यावर ते थांबले नाहीत. योगक्रियांनी शरीरात नेमके काय घडते हे त्यांनी बडोद्याच्या इस्पितळातील प्रयोगशाळेत तपासले, आणि १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून तेच काम पुढे चालविले. श्रद्धा असूनही त्यांनी प्रश्न विचारणे सोडले नाही.

त्या बंगल्यातील ध्यानाच्या खोलीत मीही बसलो. मला काही साक्षात्कार झाला नाही. पहिली दहा मिनिटे पाय दुखले. मग पेपर काढणाऱ्याला शिव्या देण्याचे माझे नेहमीचे काम सुरू झाले. पण त्या खोलीत त्या शिव्यांना कोणी साथ देईना. हळूहळू त्या थकल्या, आणि मागे एकच गोष्ट उरली: प्रोसेस कॉस्टिंगचे अख्खे प्रकरण मी वाचलेच नव्हते. वर्षभर जे मी स्वतःशी कबूल केले नव्हते, ते अर्ध्या तासात समोर येऊन बसले.

वाणिज्य शाखेच्या मित्रांनो, आपल्याला हे कळायला अवघड जाऊ नये. तोटा झाला तर तो ताळेबंदात तोटा म्हणूनच दाखवावा लागतो. चुकलेली नोंद खाडाखोड करून लपवायची नसते. दुरुस्तीची नोंद करायची असते. स्वीकार म्हणजे हिशेब खरा लिहिणे. तोटा लिहिला म्हणून दुकान बंद करा, असे कोणतेही हिशेबाचे पुस्तक सांगत नाही.

सुट्टीहून परतल्यावर मी दोन कागद लिहिले. एक फेरपरीक्षेचा फॉर्म. दुसरा, परीक्षेच्या दिवसांत ग्रंथालय रात्री आठपर्यंत उघडे असावे असा अर्ज; कारण आम्हां काहीजणांच्या घरी अभ्यासाला जागा नाही, हेही तितकेच खरे आहे. पूर्वी हा अर्ज मी रागाने लिहिला असता आणि तो वाचणाऱ्याने टोपलीत टाकला असता. या वेळी तो पाच ओळींचा झाला. त्यावर चाळीस सह्या आहेत. निकाल दोन्हींचा अद्याप लागायचा आहे.

आमच्या गुरुजनांना एक नम्र विनंती. विद्यार्थ्यांना जरूर ध्यानाला बसवा, पण डोळे उघडल्यावर ते काय म्हणतात तेही ऐकून घ्या. आणि मित्रांनो, तुम्हाला कोणी "सुम्न कूडू" म्हटले, तर आधी आवाज ओळखा. पहिला असेल तर उठा. दुसरा असेल तर बसा, आणि मग उठा.