निळा पडदा आणि तुमचा ओएसचा पेपर

१९ जुलै २०२४. सकाळी पावणेदहाच्या सुमारास क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक छोटी अपडेट फाइल पाठवली. दीड तासाच्या आत ती मागेही घेतली. पण तोवर, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, जगभरातल्या सुमारे ८५ लाख विंडोज मशीनना फटका बसला होता. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले.

बातमी जुनी झाली, मग आज कशाला? कारण तिचं उत्तर अमरावती-अकोल्यात कॉम्प्युटर सायन्स शिकणाऱ्या तुमच्या पुस्तकात आहे, तेही पहिल्याच धड्यांत: यूजर मोड आणि कर्नेल मोड.

साधा प्रोग्राम यूजर मोडमध्ये चालतो. त्याने नको त्या मेमरीला हात लावला, तर ऑपरेटिंग सिस्टीम त्यालाच बंद करते, बाकी कामं सुरू राहतात. कर्नेल मोडमध्ये असा राखणदार नसतो. क्राउडस्ट्राइकचा ड्रायव्हर तिथेच चालत होता. त्याच्या हाती मूल्यं होती २०, नवी फाइल त्याला २१वं तपासायला लावत होती. तो हद्दीबाहेर वाचायला गेला आणि अख्खं मशीन बसलं. रीस्टार्ट केलं की पुन्हा तोच ड्रायव्हर, पुन्हा निळा पडदा! बहुतेक ठिकाणी सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल हाताने काढावी लागली.

म्हणजे खरा प्रश्न एका फाइलचा नाही. कर्नेलमध्ये कोणाकोणाला घ्यायचं, हा आहे. हाच वाद १९९२ मध्ये प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम आणि हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यांच्यात रंगला होता. टॅनेनबॉम म्हणत, कर्नेल छोटा ठेवा. टॉरवाल्ड्सने लिनक्समध्ये सगळं एकत्र ठेवलं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही सुरक्षा सॉफ्टवेअर कर्नेलबाहेर चालवण्याची सोय करू, असं जाहीर केलं. 'मोनोलिथिक आणि मायक्रोकर्नेल, फरक लिहा' हा प्रश्न इतका जिवंत आहे.

आपण मात्र काय करतो? "कायले एवढं वाचतं? आयएमपी काढ अन् पाठ कर!" राउंड रॉबिनचा गँट चार्ट सुबक निघतो, बँकर्स अल्गोरिदमचं गणित सुटतं, मार्क पडतात. पण प्रोसेस मरताना कधी पाहिलेली नसते. दोष एकट्या मुलांचा नाही. पेपर जे विचारतो, तेच मुलं वाचतात.

हे बदलायला पुण्या-बंगळुरूची लॅब लागत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला आणि टीपीएम २.० नसलेल्या जुन्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. असं मशीन घरी असेल तर भंगारात देऊ नका. बॅकअप घ्या, लिनक्स टाका. फोर्कने नवी प्रोसेस तयार करा, किलने मारा, एसट्रेसने तिचे सिस्टीम कॉल बघा. मग चुकीच्या पत्त्यावरची मेमरी वाचणारा चार ओळींचा सी प्रोग्राम चालवा. 'सेगमेंटेशन फॉल्ट' येईल, प्रोग्राम मरेल, मशीन चालूच राहील. त्या ८५ लाख मशीनना जे वाचवू शकलं असतं, ते तुम्ही स्वतः पाहिलेलं असेल.

पुढची पायरी म्हणून एमआयटीने शिकवण्यासाठी लिहिलेली एक्सव्ही६ ही छोटी सिस्टीम घ्या. मोफत आहे आणि एका सेमिस्टरमध्ये वाचून होते. चार मित्र जमवा, सरांना सांगा, प्रॅक्टिकलचा एक तास यासाठी मागून घ्या. पेपरमध्ये त्या 'फरक लिहा'चं उत्तर मग पाठ करावं लागणार नाही.