विश्लेषण : मुख्याध्यापक कसा ठरतो? धोरण काय म्हणते, नियम काय सांगतात?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार मुख्याध्यापकांनी दरवर्षी किमान ५० तासांचे प्रशिक्षण घेणे अपेक्षित आहे. नेतृत्व, व्यवस्थापन आणि अध्यापन हे त्याचे विषय. प्रत्यक्षात अनेक शाळांना पूर्णवेळ मुख्याध्यापकच नसतो.

पद कधी मिळते?

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीत १५० हून अधिक, तर सहावी ते आठवीत १०० हून अधिक विद्यार्थी असतील तरच पूर्णवेळ मुख्याध्यापकाचे पद मिळते. वाडी-वस्तीवरच्या दोन शिक्षकी शाळेत हा आकडा गाठला जात नाही. तिथे त्यातलाच एक शिक्षक कारभार पाहतो. वर्गही त्याचा, पोषण आहाराचा हिशेब, यू-डायसची माहिती आणि शाळा व्यवस्थापन समितीची बैठकही त्याचीच. शाळा त्याच्याच खांद्यावर असते, पण पद मात्र शिक्षकाचे.

निवड कशी होते?

खासगी शाळांना १९८१ ची सेवाशर्ती नियमावली लागू आहे. माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकासाठी पदवी, बी.एड. आणि किमान ५ वर्षांचा अध्यापनाचा अनुभव लागतो. या अटी पूर्ण करणाऱ्या आणि सेवा समाधानकारक असलेल्या सर्वांत ज्येष्ठ शिक्षकाला पद द्यावे, असा नियम आहे. नेतृत्वाचे प्रशिक्षण ही पूर्वअट नाही.

मग ज्येष्ठता काढून टाकावी का?

तेही सोपे नाही. ज्येष्ठतेमुळे संस्थाचालकांच्या मर्जीला चाप बसतो. ती काढली आणि मोजता येईल असा दुसरा निकष दिला नाही, तर वशिल्याला दार उघडेल. इंग्लंडचा अनुभवही बोलका आहे. तिथे नव्या मुख्याध्यापकांना सक्तीची असलेली पात्रता २०१२ मध्ये ऐच्छिक झाली.

मानके कुठे आहेत?

धोरणाने शिक्षकांसाठी राष्ट्रीय व्यावसायिक मानके सुचवली आणि नेतृत्वगुण दाखवणाऱ्या शिक्षकांना पुढच्या जबाबदारीसाठी आधीपासून तयार करावे, असेही म्हटले. म्हणजे धोरण गुण पाहायला सांगते, नियम सेवेची वर्षे मोजतो.

यावर मधला मार्ग आहे. ज्येष्ठता कायम ठेवून पदोन्नतीच्या रांगेतल्या शिक्षकांना पद मिळण्यापूर्वीच प्रशिक्षण द्यायचे आणि कारभार पाहणाऱ्या शिक्षकालाही त्यात धरायचे. नाहीतर ५० तास मोठ्या शाळांच्या वाट्याला येतील आणि लहान शाळा तशाच राहतील.

पालक काय करू शकतात?

कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. आपल्या शाळेचा कारभार कोण पाहते आणि त्यांना त्यासाठी प्रशिक्षण मिळाले का, हे पुढच्या बैठकीत विचारता येईल.